कांताची रोवणी

आषाढ सरत आला तरी लहानूच्या धानाच्या बांधीत रोवणी लागली नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या बांध्या हिरव्या झाल्या होत्या. त्याच्या रोपांचे पऱ्हे मात्र वाफ्यातच उभे होते, हातभर वाढलेले, टोकाला पिवळे पडत चाललेले. धानाच्या रोपाचं वय महिन्याच्या पुढं गेलं की त्याला फुटवे येत नाहीत. लहानूला हे कोणी सांगायची गरज नव्हती. तो रोज सकाळी बांधीवर जायचा, चिखल करून अडवलेलं पाणी पाहायचा, कडेच्या मातीच्या धुऱ्यावर थोडा वेळ उभा राहायचा आणि परत यायचा.

सावरटोला हे वडशाच्या पुढं जंगलाला लागून असलेलं शंभरेक घरांचं गाव. त्यात लहानूची बांधी सगळ्यात शेवटची. तिच्या पलीकडच्या धुऱ्याला पाय लावला की जंगलच.

घरात तिघं होती. लहानू, त्याची बायको कांता आणि बारावी झालेली मुलगी सरिता. चैत्रात मोहफुलं वेचायला गेलेल्या कांतासमोर वाघानं तिच्या मैत्रिणीला, नूतनला, मारलं. त्याला आता साडेतीन महिने झाले होते. तेव्हापासून कांता वाकली नव्हती.

पहिले काही दिवस हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ती बोलत नाही, जेवत नाही, घराबाहेर पडत नाही, हेच सगळे पाहत होते. मग सरितानं पाहिलं की आई खराट्याला बांबू बांधून उभ्यानं अंगण झाडते. हातातून पेला पडला तर तो पायानं सरकवत भिंतीपर्यंत नेते आणि तिथंच ठेवते. जेवते उभ्यानं, ताट ओट्यावर ठेवून. झोपते भिंतीला पाठ टेकून, बसल्या बसल्या. पाय धुताना एका पायानं दुसरा घासते. सरितानं काही न बोलता चुलीखाली विटा लावल्या, हंडा स्टुलावर ठेवला, आईच्या चपलांचे मागचे पट्टे कापून टाकले.

गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं तिला वडशाच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर भला होता. त्यानं गोळ्या दिल्या, "हिच्याशी बोलत राहा," असं लहानूला सांगितलं. मग सगळं गाव बोलायला आलं. विहारातल्या बाया रविवारी येऊन वंदना म्हणून गेल्या. कोणी म्हणालं, विसरून जा. कोणी म्हणालं, तू वाचली हेच खूप. वनरक्षक कुलदीप येऊन जंगलात जायचे नियम सांगून गेला. प्रत्येकानं तिला काही ना काही सांगितलं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहून ऐकायची आणि मान हलवायची.

पंधरा वर्षं कांता रोवणीच्या टोळीत पुढच्या हाताला असायची. तिचा हात असा चालायचा की बाकीच्या बायांना तिच्या मागं धावावं लागे. आणि आता रोवणी म्हणजे दिवसभर वाकणं.

एका दुपारी लहानूनं घरामागच्या सांदवाडीत दोन बादल्या पाणी ओतलं, पायानं चिखल केला आणि पऱ्ह्यांची एक पेंडी आणून ठेवली.

"इथी लाव," तो म्हणाला. "इथी घर आहे, कुड आहे, मी आहे. चार काड्या लावून पाह्य फक्त."

कांता चिखलात येऊन उभी राहिली. त्यानं पेंडी सोडून रोपं तिच्या हातात दिली. ती थोडी झुकली. लगेच ती पुन्हा ताठ झाली.

"काऊन वं? काय आहे इथी?"

"नाई जमत."

"जमत नाई म्हणून कसं होईन? पऱ्हे सडून राह्यले तिकडे! वाक!"

आणि लहानूनं तिच्या मानेवर हात ठेवून तिला खाली दाबलं. दोन बोटंसुद्धा ती झुकली नसेल. कांताच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारची माणसं कुडावरून डोकावायला लागली. तिच्या पातळातून पाय ओले झाले. चिखलात तो ओघळ वेगळा दिसत होता. लहानूनं हात काढून घेतला आणि त्या हाताकडं पाहिलं. मग त्यानं शेजाऱ्यांकडं न बघता बादली भरून आणली, गुडघ्यावर बसला आणि बायकोचे पाय धुतले.

दुसऱ्या दिवशी तो टोळीकडं गेला. टोळी चौदा बायांची. तिची पुढारी नीलिमा पंपावर पाणी भरत होती.

"बाई, माही बांधी राह्यली," लहानू म्हणाला.

"मले ठाव आहे, भाऊ. पन तुमच्या बांधीले लागून जंगल आहे. मागच्या हप्त्यात तिकडेच वाघानं बैल मारला. बाया नाई म्हणून राह्यल्या. मी जबरदस्ती कशी करू?"

"कांता येत नाई म्हणून?"

नीलिमानं हंडा कमरेवर घेतला. "कांता पुढं असती त बाया आल्या असत्या. खोटं काऊन बोलू."

पंपासमोर नूतनचं घर होतं. छपरीत नूतनची सासू गुणाबाई सूप घेऊन बसली होती. लहानूनं साडेतीन महिन्यांत त्या छपरीकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं नाही. पण गुणाबाईचे हात थांबले होते.

दुसऱ्या सकाळी लहानू गुरं सोडून आला तेव्हा गुणाबाई त्याच्या दारात उभी होती. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले, हातात काठी. ती आत आली आणि खाटेवर टेकली. तिच्या घरचं कोणी या घरात कधी बसलेलं लहानूला आठवत नव्हतं. कांता आणि नूतन जंगलात एका बाटलीनं पाणी प्यायच्या, पण गावात आल्यावर नूतन या घरचं पाणी घेत नसे. दोघींनी त्याबद्दल कधी अक्षर काढलं नव्हतं.

कांता भिंतीला पाठ लावून उभी होती. गुणाबाईनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"मी तुले काई सांगाले नाई आली," ती म्हणाली. "मी इचाराले आली. त्या दिवशी काय झालं, ते मले सांग. पुरं सांग."

लहानू म्हणाला, "राहू द्या ना, माय. तिले तरास होते."

"तिले तरास होऊनच राह्यला आहे, भाऊ. मलेबी होऊन राह्यला. तू बस खाली."

कांता बोलेल असं लहानूला वाटलं नव्हतं. पण ती बोलली. आवाज घोगरा होता, वापरात नसलेल्या कडीसारखा.

"पयल्या झाडाखाली फुलं कमी होते, माय. मी म्हटलं, नूतन, वरच्या झाडाखाली चाल. तिचं मन नवतं. डोकं दुखते म्हणे. मीच नेलं तिले."

"मंग?"

"पाठीले पाठ लावून वेचत होतो. दिवस निंगाला होता. मी सरिताच्या कालेजचं सांगून राह्यली होती. ती हं म्हणे. मंग एकदा हं आलंच नाई. आवाज नाई झाला, माय. पानबी नाई वाजलं. मी वळून पाह्यलं त त्यानं तिची मान धरली होती."

सरिता चुलीपाशी बसून होती. तिनं लाकूड मागं ओढलं.

"मी काठी घेतली. वरडली. काय वरडली ते मले ठाव नाई. त्यानं तिले सोडलं, पंधरा-वीस कदम मांगं गेला आन् बसला. जसं आपल्या अंगणात बसते कोणी."

"ती?"

"मी वाकून तिच्या नाकापुढं हात धरला. श्वास नवता. मी वाकली तसा तो उठला, माय. चार कदम आला. मी उभी राह्यली तसा थांबला. मंग बसला. मी अजून एकदा वाकून पाह्यलं. तो अजून उठला."

लहानूनं मान वर केली. हे त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं होतं. साडेतीन महिने ही बाई का वाकत नाही, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. त्यानंही नाही.

"मंग मी वाकलीच नाई," कांता म्हणाली. "तिच्या दोन बाजूले दोन पाय ठेवून उभी राह्यली. दिवस झाडाच्या वर आला. तिच्या तोंडावर माश्या बसत होत्या. मले त्या हाकलता नाई आल्या. वाकली असती त तो तिले घेऊन गेला असता. लोकं आले तवापर्यंत तशीच होती."

गुणाबाई काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते.

"अजून काय?"

"काई नाई."

"आहे. तुह्या तोंडावर दिसून राह्यलं."

कांतानं दोन्ही तळहात मागं भिंतीला दाबून धरले. "तो सुंदर होता, माय. ऊन आलं होतं त्याच्या अंगावर. एवढं मोठं तोंड, आन् मिशा पांढऱ्या. श्वास घेई त साऱ्या अंगावरचे पट्टे हलत. ती माह्या पायात मरून पडली आन् मले तो सुंदर दिसला. मी कशी बाई आहे?"

बाहेर कोंबडी पानांत उकरत होती.

"सुंदरच असते तो," गुणाबाई म्हणाली. "मी लहान असतानी नदीवर पाह्यला होता, पाणी पेतानी. माह्या हातातून घागर सुटली, फुटली. मायनं मारलं मले. तरी मी दोन दिवस त्याचंच सांगत होती. तो सुंदर दिसला हा तुहा गुन्हा नाई, पोरी."

पुढचं बोलताना तिचा आवाज उतरला.

"डोकं दुखते म्हणून ती मलेबी म्हणाली होती. मी म्हटलं, फुलं काय तुही वाट पायतीन? लोकं वेचून नेतीन. जा. मीच धाडली तिले. तुनं वरच्या झाडाखाली नेली, मी घरून धाडली. माहा पोरगा म्हणते, मी घरी असतो त जाऊ नसतो देत. तोबी रात्रभर जागते. आता कोणाचं किती ते मोजणार कोण? तू एकटी काऊन उचलून राह्यली?"

कांताचे भिंतीला दाबलेले तळहात सुटून खाली आले.

"मागच्या साली पलीकडच्या गावात वाघानं बाई नेली," गुणाबाई म्हणाली. "घरी काय आलं? एक लुगडं आलं. माही सून अख्खी घरी आली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, केस धुतले, येणी घातली. तुह्यानं झालं ते. मले तुले हे पयल्याच दिवशी येऊन सांगायचं होतं. माहे पाय नाई उचलले. पाणी दे मले."

सरिता उठली तशी कांता म्हणाली, "थांब, मी देतो." स्टुलावरच्या हंड्यातून तिनं पेला भरला. अर्धं पाणी सांडलं. गुणाबाईनं उरलेलं सगळं पाणी सावकाश प्यायलं आणि पेला परत दिला.

"उद्या मी बांधीत येतो," ती म्हणाली.

"तुमी?" लहानू म्हणाला. "तुमच्यानं रोवणं होईन?"

"माहे गुडघे वाकत नाई. हिची कंबर वाकत नाई. मी रोवाले नाई येऊन राह्यली. ही वाकली की हिच्या मांगं मी उभी राहीन, जंगलाकडे तोंड करून. उभं राहणं त जमते ना मले."

गुणाबाई गेली. तशी कांता भिंतीवरून घसरत खाली बसली आणि रडली. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. लहानू तिच्या बाजूला जाऊन बसला. "मी तुह्या मानेवर हात..." असं काही तो म्हणायला लागला, पण ते त्याला पुरं करता आलं नाही. तिनं त्याचा तोच हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला.

गुणाबाई बांधीत जाणार हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सकाळी नीलिमाच्या टोळीतल्या चौदाच्या चौदा बाया पंपावर हजर होत्या. "जिची सून गेली ते म्हातारी उभी राहीन आन् आपुन घरी बसू का?" नीलिमा एवढंच म्हणाली. कुलदीपही आला, सोबत दोन माणसं आणि फटाके घेऊन.

बायांनी कांताला मध्ये घेतलं. गावाच्या शेवटच्या घरापाशी तिचे पाय थांबले. बायाही थांबल्या. कोणी चल म्हणालं नाही, कोणी हात ओढला नाही. एकीनं पातळाचा काचा नीट केला, दुसरीनं तंबाखू मळली, एक पावसाबद्दल बोलत राहिली. पुष्कळ वेळानं कांतानं पाऊल टाकलं, तशा सगळ्या निघाल्या. बांधीपर्यंत त्या सहा वेळा अशा थांबल्या.

पहिला दिवस कांता चिखलात नुसती उभी होती. लहानू पेंड्या आणून तिच्या हातात देई आणि ती बायांच्या पुढं फेकी. तिची फेक जुनीच होती. पेंडी बरोबर जिथं हवी तिथं पडे. गुणाबाई जंगलाकडच्या धुऱ्यावर उभी होती. डोक्यावर मेणकापड, हातात काठी. दुपारी पावसाची सर आली तेव्हा लहानूनं झाडाखाली चला म्हटलं. तिनं मानही वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती धुऱ्यावरून उतरून चिखलात आली आणि कांताच्या मागं, पाठीला पाठ लागेल अशी उभी राहिली. कांताला तिच्या मणक्यांची ऊब पातळातून जाणवली.

"मी पाहून राह्यली," गुणाबाई म्हणाली. "तुले वाटलं त वाक."

कांतानं एक काडी लावली. लगेच सरळ झाली, वळून पाहिलं. म्हातारी होती. तिनं दुसरी लावली. वळून पाहिलं. होती. बाया रोवत पुढं निघून गेल्या होत्या, पण एकेक करून त्यांनी हात संथ केला आणि ओळ मागं आली. टोळीतली सगळ्यात पुढं धावणारी बाई दुपारपर्यंत एवढुसा तुकडा लावू शकली. खाट मावेल एवढा. लहानू धुऱ्यावर पेंड्या घेऊन उभा होता आणि त्याला त्या तुकड्यावरून नजर काढता येत नव्हती. मागं ती म्हातारी. तिचे पाय पोटरीपर्यंत चिखलात, गुडघे सुजलेले, आणि नजर त्या झाडीवर, जिथून तिच्या घरावर हे सगळं आलं होतं. तिला बसा म्हणायची हिंमत कोणाला झाली नाही. बायांनी त्या दिवशी गाणं म्हटलं नाही की थट्टा केली नाही. त्या काम करत होत्या आणि मधूनच मान वर करून म्हातारीकडं पाहत होत्या, देवळात पाहावं तशा.

तिसऱ्या दिवशी सगळे बांधीवर आले आणि धुऱ्यावरच थांबले.

वाघ येऊन गेला होता. जंगलाकडून उतरून, काल लावलेल्या रोपांमधून, सरळ बांधी ओलांडून नदीच्या अंगाला गेला होता. निवळलेल्या पाण्याखाली चिखलात खोल खळगे पडले होते, एकामागं एक, घाई नसल्यासारखे. प्रत्येक खळग्यात तीन-चार रोपं आडवी दाबली गेली होती. समोरच्या धुऱ्यावरच्या ओल्या मातीत पंजा तर असा उमटला होता की बोटाबोटाचा गोल दिसावा. त्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि पाण्यात आभाळ होतं.

कुलदीपनं माग पाहिला. "पहाटेचा आहे. नदीपलीकडे गेला असन. तरीबी आज काम नको."

"चला," लहानू म्हणाला. "चला मांगं."

बाया वळल्या. कांता वळली नाही. ती एकटीच धुऱ्यावरून त्या पंज्यापर्यंत गेली. मग ती बसली. साडेतीन महिन्यांत बसली नव्हती तशी, उकिडवी, दोन पायांवर. आणि तिनं आपला हात पसरून त्या पंज्यात ठेवला. तळहात पुरा मावला, वर बाजूंनी जागा उरली.

गुणाबाई काठी टेकत तिच्यापाशी आली. तिनंही वाकता येईल तेवढं वाकून पाहिलं.

"हाच असन?" तिनं विचारलं.

"नाई ठाव, माय. असन. नसन."

"केवढा मोठा आहे."

"हो."

दोघी बराच वेळ त्या खुणेकडं पाहत राहिल्या. मग कांता उठली, चिखलात उतरली आणि पहिल्या खळग्यापाशी वाकली. दाबलेली रोपं तिनं हळूच सोडवली, मुळाशी चिखल भरला, काड्या सरळ उभ्या केल्या. तिथून पुढच्या खळग्याकडं गेली. गुणाबाई तिच्या मागं येऊन जंगलाकडं तोंड करून उभी राहिली. दोघी अशा एका पावलावरून दुसऱ्या पावलावर जात राहिल्या, वाघ जसा गेला होता त्याच्या उलट, जंगलाकडं. कुलदीपनं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं आणि आपली माणसं घेऊन झाडीच्या कडेला जाऊन उभा राहिला. नीलिमानं पातळ खोचलं. एकामागून एक सगळ्या बाया चिखलात उतरल्या.

शेवटचा खळगा अगदी जंगलाच्या धुऱ्याला लागून होता. तो भरायला कांताला वेळ लागला. शेवटची काडी उभी करून ती सरळ झाली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"कंबर भरली वो, माय," ती म्हणाली.

रोवणीत कंबर आखडली की प्रत्येक बाई दिवसातून दहा वेळा म्हणते तेच वाक्य. पण सगळ्या बायांचे हात थांबले. नीलिमाला हसू आलं, मग डोळ्यांना पदर लावावा लागला. लहानूनं हातातली पेंडी तशीच छातीशी धरली.

गुणाबाईनं मागं वळून पाहिलं नाही.

"भरंन नाई त काय," ती म्हणाली. "माणसाची कंबर आहे. थोडा दम घे आन् अजून लाव. मी आहे."